सेक्टर सहाचे कोचीवाले मामा

माझे बाबा रोज सकाळी ट्रकसमोर उभे राहायचे. अहिवाऱ्याजवळच्या चुनखडीच्या खाणीकडे जाणारा ट्रक आमच्या वस्तीच्या तोंडाशी थांबायचा. मुकादम पायरीवर चढून बोट दाखवायचा, तू, तू, तो मागचा लाल गमछावाला... बोट ज्याच्याकडे गेलं त्याला त्या दिवशी काम. बाबा मुद्दाम धुतलेला सदरा घालून जायचे, छाती पुढं काढून उभे राहायचे आणि खोकला आला की तो घशातच दाबायचे, कारण खोकणाऱ्याकडे मुकादमाचं बोट जात नसे. काम मिळालं नाही तर सरळ घरी यायचे नाहीत. तलावाला वळसा घालून मागच्या वाटेनं यायचे, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही सकाळचीच बासी खायचो, पाण्यातला भात, मीठ आणि कांदा. माय म्हणायची, "उन्हाळ्यात बासी चांगली असते पोटाले." ती हे हिवाळ्यातसुद्धा म्हणायची.

आमच्या दोन्हीकडच्या नात्यात त्या काळी एकच माणूस 'परमनंट' होता, मायचा धाकटा भाऊ मनोहर. भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये, प्लेट मिलमध्ये क्रेन ऑपरेटर. मी सहावीत असताना बाबा गेले. तेराव्या-चौदाव्या दिवशी मामा स्कूटर घेऊन आला, माझी पत्र्याची पेटी पुढं पायाशी ठेवली, मला मागं बसवलं आणि मायला म्हणाला, "ताई, तू रुआबांध्याले खोली घे, धाकट्याले तुह्यापाशी ठेव. करुणा माह्या घरी. शाळा क्वार्टरच्या समोरच आहे, उठली का पोचली." मी रडत होते. मामा आरशातून माझ्याकडं बघून म्हणाला, "रडू नको बे. मामी भाजीत तेल जास्त टाकते, तुले आवडन."

हा मामा पाच आठवड्यांपूर्वी गेला. दुपारचं जेवण झालं, वरण-भात आणि चणाभाजी, मग तो खाटेवर आडवा झाला आणि चार वाजता चहा घेऊन गेलेल्या शकुनमामीनं मला फोन केला. मी कॉलेजात वर्गावर होते. मामी रडत नव्हती. नुसतं म्हणाली, "करुणा, तुहा मामा उठून नाई राहिला वो..." मी पोचले तेव्हा तो खरोखर झोपल्यासारखाच दिसत होता, तोंडावर त्याचं ते अर्धं हसू. पुण्यानुमोदनाच्या दिवशी क्वार्टरसमोर इतके लोक जमले की मंडप रस्त्यावर गेला. बुद्धवंदना झाली आणि लोक एकेक करून बोलायला उठले, मराठी, छत्तीसगढी, मल्याळी, ओडिया. जो उठला त्यानं एक तरी हसवणारी गोष्ट सांगितली आणि जवळजवळ प्रत्येक गोष्ट सुरू व्हायची ती अशी, "हम लोग जब कोची गए थे..."

भिलाईपासून समुद्र किती लांब आहे ते नकाशात बघा म्हणजे यातली गंमत कळेल. आमच्याकडं पाणी म्हणजे मरोदा टँकचा तलाव. मामानं पस्तिशीपर्यंत त्याहून मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. कोचीचं वेड त्याच्या डोक्यात घातलं थॉमसचेट्टानं. चेट्टा म्हणजे मल्याळीत थोरला भाऊ. हा मिलमध्ये पोलादाच्या भल्यामोठ्या प्लेटवर खडूनं मापं आखायचा, मामा वर क्रेनमध्ये बसायचा, आणि टिफिनच्या वेळी दोघं एकत्र. थॉमसचेट्टाचं गाव कोचीच्या जुन्या बंदरालगतचं. त्याचा आजा जहाजांतून पोती उतरवायचा. आधी पोर्तुगीज आले, मग डच, मग इंग्रज, प्रत्येकानं येऊन आधीच्याचा किल्ला पाडला आणि चर्च बदललं, हे सगळं तो गल्लीतल्या भांडणासारखं सांगायचा. "डच लोगों ने राजा का महल रिपेयर किया, नाम हो गया डच पॅलेस. बनाया पोर्तुगीज ने, रहता था राजा, नाम डच का!" मामाला ते फार आवडलं. "म्हणजे आपल्या मिलसारखंच. काम एकाचं, बोर्डावर नाव दुसऱ्याचं."

त्या वर्षी मामाची एलटीसी निघाली. एलटीसी म्हणजे प्लांटकडून मिळणारा सहकुटुंब प्रवास, आमच्या सेक्टरमधला सगळ्यात मोठा सण. आधी महिनाभर फक्त तीच चर्चा. कोणी वैष्णोदेवीला, कोणी पुरीला. मामीला शिमल्याला जायचं होतं, कारण समोरच्या क्वार्टरमधल्या साहूबाईंचा बर्फातला फोटो दिवाणखान्यात लागलेला होता.

"कोचीले काय आहे?" मामी.

"समुद्र आहे."

"आणि?"

"जुनं बंदर आहे. पाचशे वर्षांचं."

"तुमाले जुनंच पाहायचं असन तर माह्या बापाचं घर पाहा ना. थे बी पडून राहिलं आहे."

पण मामा हटला नाही. उलट त्यानं समोरच्या साहूजींनाही फितवलं, मग साहूजींच्या मेहुण्याला, आणि शेवटी मामाची दोन पोरं आणि मी धरून अकरा जण निघालो. माझं तिकीट मामानं वेगळं काढलं. मी तेव्हा नववीत होते. रेल्वेत रात्र काढायची ती माझी पहिलीच वेळ.

जायच्या आधल्या आठवड्यात थॉमसचेट्टानं मामाला रस्ता समजावला. कागदावर नाही, ती माणसं कागदावर काही समजावत नसत. समोर थंड झालेली प्लेट पडली होती, तिच्यावरच त्यानं खडूनं कोची काढली : हे बेट, ही बोटीची जेट्टी, ही मासे पकडायची चिनी जाळी, हे चर्च, हे डच कबरस्तान, इकडं पॅलेस, इकडं ज्यू लोकांचं जुनं प्रार्थनामंदिर. प्लेटच्या एका बाजूला चेट्टा आणि दुसऱ्या बाजूला, त्याच्या समोर, मामा. मामानं ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. घरी आल्यावर पट्टी लावून स्वच्छ काढलं, मराठीत नावं घातली आणि वरच्या कोपऱ्यात शाळेत शिकल्याप्रमाणं बाण काढून लिहिलं, उत्तर. त्यात काय चुकलं हे तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या कोणाच्या आलं नाही.

एर्नाकुलमहून आम्ही बोटीनं निघालो. सकाळची वेळ होती, पाणी चमकत होतं. बोट धक्क्याजवळ येताना उजवीकडं लांबवर काठावर उभ्या बांबूंवर टांगलेली मोठमोठी जाळी दिसली, कोळी किड्याच्या पायांसारखी. मामी ओरडली, "थे पाहा जाळे! थेच ना?"

मामानं वही उघडली. "नाई. थे दुसरे असतील. आपले पूर्वेले आहेत."

"अहो, फोटोत असेच होते."

"नकाशा आहे ना माह्यापाशी!"

धक्क्यावर उतरून मामानं सूर्य पाहिला, हात लांब केला आणि आम्ही अकरा जण डोक्यावर टोप्या घालून सूर्याकडं तोंड करून चालायला लागलो. क्रेन चालवणारा माणूस, खालच्याचा इशारा एकदा मिळाला की मधे थांबत नाही. रस्त्यालगत पाणी होतं, त्यामुळं मामाची खात्री आणखी पक्की झाली. अर्धा तास झाला. जाळी नाही. चर्च नाही. कबरस्तानाच्या जागी बकऱ्या. साहूजी अत्यंत नम्र माणूस, पण त्यांनाही शेवटी राहवलं नाही. "भैया, वो डच लोग किधर गड़े हैं?"

"आयेगा, आयेगा."

"कल तक आ जायेगा ना?"

आणि मग वास आला. आधी सुंठेचा, मग मिऱ्यांचा, मग कशाकशाचा... मामीला सटासट शिंका. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना जुन्या कौलारू वखारी, उंच लाकडी दारं, आत पोत्यांच्या थप्प्या, आणि त्या दारांतून पाठीवर पोती घेऊन माणसं वाकून बाहेर येत होती. ते बंदराचं जुनं बाजारपेठेचं अंग होतं. पर्यटक शेवटी येतात, आले तर. आम्ही सगळ्यात आधी तिथं पोचलो.

मामा रस्त्यात उभाच राहिला. वही मिटली. एका हमालाच्या पाठीवरचं पोतं त्यानं डोळ्यांनी तोललं, जसा तो मिलमध्ये प्लेट तोलायचा. "हे एकट्या माणसाचं वजन नाई," तो म्हणाला. "इथं क्रेनची स्लिंग पाहिजे."

वखारीसमोरच्या बाकावर एक खूप म्हातारा माणूस बसला होता. खांदे रुंद, एक दुसऱ्यापेक्षा खाली उतरलेला. इथल्या गुजराती व्यापाऱ्यांकडं जन्म काढल्यामुळं त्याला हिंदी येत होतं. मामानं त्याला विडी दिली आणि विचारलं, "चाचा, आप भी उठाते थे?"

म्हाताऱ्यानं सांगायला सुरुवात केली. त्याच्या तरुणपणी काम असं मिळत नसे. सकाळी धक्क्यावर शेकडो माणसं जमायची. ठेकेदाराचा माणूस यायचा, त्याच्या हातात तांब्याचे बिल्ले, त्यांना चाप्पा म्हणत. तो ते बिल्ले गर्दीत हवेत फेकायचा. ज्याच्या हाती बिल्ला त्याला त्या दिवशी काम. माणसं एकमेकांच्या अंगावर पडायची, दात पडायचे, बोटं तुटायची. भाऊ भावाच्या हातातून हिसकायचा. मग पुढं सगळे एक झाले, लढले, आणि ते फेकणं बंद झालं... म्हातारा हे सांगताना उठून उभा राहिला आणि मूठ उघडून त्यानं हवेत फेकून दाखवलं. काहीच नव्हतं त्याच्या हातात, पण आम्ही सगळ्यांनी वर बघितलं.

मामानं माझ्याकडं पाहिलं. मीही त्याच्याकडंच बघत होते. आमच्या दोघांच्या मनात तो ट्रक होता. तो एवढंच म्हणाला, "ऐकलं ना करुणा? नीट ऐकलं ना?"

शेवटी शेजारच्या चहावाल्यानं मामाची वही घेतली, बघितली, हसला आणि उलटी करून परत हातात दिली. मामा दोन क्षण त्या पानाकडं बघत राहिला. मग कपाळावर हात मारून तिथंच वखारीच्या पायरीवर बसला आणि हसायला लागला, असा की डोळ्यांतून पाणी. "मी प्लेटच्या त्या बाजूले उभा होतो ना बे! त्याची उत्तर थे माही दक्षिण!" मामीनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "शिमल्याले नेलं असतं तर बर्फ तरी उलटा नसता." हे वाक्य पुढं आमच्या घरात पंचवीस वर्षं चाललं.

पुढचे दोन दिवस आम्ही सगळं रीतसर पाहिलं. चिनी जाळी दगडांच्या वजनावर वरखाली होताना पाहून मामा अर्धा तास हलला नाही. "ही क्रेनची आजी आहे," म्हणाला, आणि कोळ्यांनी त्याला एकदा दोर ओढू दिला. जुन्या चर्चमध्ये भिंतीत उभ्या केलेल्या थडग्यांच्या शिळा होत्या, वर जहाजं आणि मुकुट कोरलेले. युरोपातून समुद्रानं आलेला पहिला प्रसिद्ध दर्यावर्दी इथंच पुरला होता आणि नंतर त्याला उकरून परत मायदेशी नेला. डच कबरस्तान फाटकातून पाहिलं. राजाच्या महालात भिंतभर रामायण रंगवलेलं. ज्यू लोकांच्या प्रार्थनामंदिरात जमिनीवर निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या, सगळ्या हातानं रंगवलेल्या. मामा गुडघ्यावर बसून दोन फरश्यांमधल्या सांध्यावरून अंगठा फिरवत होता. रखवालदार धावत आला. "चायना टाइल, सर. व्हेरी ओल्ड."

"टाइल चायना की, ठीक है. बिठाई किसने?"

रखवालदाराला हा प्रश्न बहुधा आजवर कोणी विचारलेला नव्हता. मामानं तो चर्चमध्येही विचारला, महालातही. ज्याचं नाव शिळेवर आहे तो जहाजातून आला हे समजलं, पण जहाज रिकामं कोणी केलं? बोटीनं परत येताना तो मला म्हणाला, "सगळ्याईच्या पाट्या आहेत इथं. त्या चाचाची नाई. थे कोणीतरी लिहाले पाहिजे. पण कोण लिहिन? जो शिकन तो." आणि मग जरा थांबून, "तू शिक."

त्या एका वाक्यात मी अडकले ती अडकलेच.

परत आल्यावर मामानं एक रजिस्टर सुरू केलं. प्लांटमध्ये शिफ्ट बदलताना जाणारा माणूस लॉगबुकात लिहून जातो, काय चाललं, काय बिघडलं, पुढच्यानं काय सांभाळायचं, आणि येणारा ते वाचून सही करतो. मामानं कोचीचं तसंच लॉगबुक केलं. सेक्टरमधलं कोणी कोचीला निघालं की त्यांनी रविवारी आमच्या व्हरांड्यात यायचं. मामा शिफ्टच्या सुरुवातीचा सेफ्टी टॉक देतात तसा टॉक द्यायचा : "पॉइंट नंबर एक. समुद्र पश्चिमेले आहे. हे मी स्वतः तपासलं आहे." मग मागच्या कुटुंबानं लिहिलेलं वाचून सही करायची, आणि परत आल्यावर आपलं लिहायचं. 'जाळ्यांजवळ मासळी आपणच विकत घेऊन समोर तळून मिळते.' 'शुक्रवारी महाल बंद होता, खात्री करून जाणे.' 'बंदराचं जे मोठं बेट आहे ते देवानं केलेलं नाही, समुद्र खोल करताना काढलेल्या गाळाचं माणसांनी केलेलं आहे. मनोहरभाऊंनी बघावे.' ही साहूजींच्या मेहुण्याची नोंद. ती वाचून मामाला झोप आली नाही. गाळाचं बेट! पुढच्या एलटीसीला तो फक्त त्या बेटासाठी परत गेला, मामी शिमल्याची आठवण काढत सोबत. वेल्डरपासून नर्सपर्यंत, कोणाकोणाच्या अक्षरांत ते रजिस्टर भरत गेलं आणि मामाचं नाव पडलं कोचीवाले मामा.

बारावी झाली तेव्हा खरा प्रश्न आला. मायचं म्हणणं नर्सिंग, नाहीतर आयटीआय. तिची चूक नव्हती. ती रुआबांध्यात लोकांच्या घरी भांडी घासत होती, माझा धाकटा भाऊ शाळेत होता, आणि नोकरी लवकर लागेल तेच शिक्षण खरं, हे तिनं आयुष्यभर पाहिलेलं. मी इतिहास घेऊन बीए करायचं म्हटलं तेव्हा ती व्हरांड्यातच खाली बसली.

"इतिहास शिकून काय करते थे? मेलेल्या राजाईची नावं पाठ?"

"नाई ताई," मामा म्हणाला, "जे राजे नोहते त्याईची लिहिन."

"त्यानं पोट भरते काय?"

 खोटं बोलायची मामाला सवय नव्हती. तो म्हणाला, "भरन का नाई मले माहीत नाई. पण भाऊजी रोज उभे राहत जात ना ट्रकापुढं, त्याईचं नाव कोणत्या वहीत आहे? मुकादमाच्या बी नाई. तू सांग. हे पोरगी त्या गोष्टीतूनच आली आहे. तिले जे दिसते थे सायबाच्या पोराले दिसणार नाई."

 माय पदरानं तोंड पुसून उठली आणि मला म्हणाली, "नापास झाली तर टांग तोडीन."

नापास झाले नाही. आमच्या बाबांच्या आणि मायच्या, दोन्ही घराण्यांत बीए झालेली मी पहिली. हे मी अभिमानानं लिहिते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. निकालाच्या दिवशी मामानं मिलमध्ये पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "इतिहासात!" जणू ती स्टीलची नवी जात होती.

एमए झालं, एका कॉलेजात हंगामी शिकवायला लागले आणि पीएचडीसाठी विषय दिला, जुन्या कोची बंदरातले हमाल आणि त्यांची कामाची पद्धत. माझे मार्गदर्शक भले गृहस्थ, पण म्हणाले, छत्तीसगढमधलं काहीतरी घ्या, कोची फार लांब पडेल, साधनं मिळायची नाहीत. मी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी मामा मला न सांगता, पहिली पाळी करून, प्लांटचे बूट घालून तसाच सरांच्या खोलीत गेला. नंतर सरांनीच मला हसत हसत सांगितलं.

"सर, आप कोची गए हैं?"

"नहीं."

"मैं दो बार गया हूं. चलिए, मैं बताता हूं आपको." आणि त्यानं रजिस्टर टेबलावर ठेवलं. सर दोन तास वाचत बसले. पानं उलटता उलटता म्हणाले, "ये तो ख़ुद एक स्रोत है."

विषय मंजूर झाला. पण मंजूर होणं वेगळं आणि पुरा होणं वेगळं. लग्न झालं, मुलगी झाली, सासरी सगळे चांगले, पण चांगल्या माणसांनाही वेळेवर भाकरी लागते. प्रबंध कपाटात गेला आणि तिथंच राहिला. मी स्वतःला सांगायला लागले की, शिकवते आहे, तेवढं पुरे. मामा मात्र दर रविवारी फोन करायचा. मुलगी कशी आहे, जावई कसे आहेत, आणि तिसरा प्रश्न ठरलेला, "चाचाचं कुठवर आलं?" मी कधी चिडायचे. एकदा म्हणाले, "मामा, नाही होत माझ्यानं. सोड आता." तो म्हणाला, "बरं." आणि पुढच्या रविवारी परत, "चाचाचं कुठवर आलं?"

रिटायर झाल्यावर तो स्वतःच माझ्याबरोबर कोचीला आला, तिथं गावी परतलेल्या थॉमसचेट्टाला दुभाष्या केलं आणि तीन आठवडे आम्ही म्हाताऱ्या हमालांच्या घरोघर हिंडलो. बाकावरचे चाचा आता नव्हते. पण त्यांच्या बरोबरचे दोघं होते, त्यांच्या बायका होत्या, मुलं होती. मी प्रश्नावली काढली की ती माणसं आखडायची. मामा नुसता जवळ बसायचा, स्वतःचा उजवा खांदा दाखवायचा, क्रेनच्या हँडलनं कसा धरतो ते सांगायचा, आणि समोरचा आपला खांदा उघडा करून दाखवायचा. मग गोष्टी सुरू. नावं सुरू. कोण कोणत्या टोळीत, कोणाचा बाप, कोण पोत्याखाली दबून गेला, चाप्पा बंद व्हावा म्हणून कोण कोण उभं राहिलं. मी लिहीत राहिले. संध्याकाळी मामा समुद्राकडं तोंड करून चहा प्यायचा आणि थॉमसचेट्टा दर वेळी बजावायचा, "मनोहर, ये पश्चिम है. पक्का."

गेल्या उन्हाळ्यात प्रबंध पुरा झाला. मी शेवटचं प्रकरण त्याला वाचायला दिलं. हिंदीत होतं. बोट ठेवून, ओळ न ओळ, चार दिवस वाचलं. मग फोन आला. "हे 'उपेक्षित श्रमिक घटक' कायले लिहिलं?"

"मामा, असं लिहावं लागतं."

"त्याईले विचारलं काय, तुमी घटक आहा काय म्हणून? हमाल लिही. त्याईले हमाल म्हणून घ्याची लाज नोहती, तुले कावून?"

मी बदललं. सगळ्या प्रबंधात बदललं. मग तो जमा झाला.

मौखिक परीक्षेची तारीख आली तेव्हा मामानं पांढरा शर्ट शिवायला टाकला. त्यात बसायला बाहेरच्यांनाही परवानगी असते हे कळल्यावर त्यानं निम्मा सेक्टर आमंत्रित केला होता. तो जायच्या आधीच्या रविवारी, तीच आमची शेवटची भेट, व्हरांड्यात त्यानं माझी सराव परीक्षा घेतली. खुर्चीत ताठ बसला, चष्मा नाकावर आणला, आवाज जाड केला. "तो मॅडम, बताइये, समुद्र किस दिशा में है?" आतून मामी ओरडली, "तिले कायले विचारता, तुमी सांगा!" आम्ही तिघंही खूप हसलो. निघताना त्यानं मला फाटकापर्यंत सोडलं आणि एकदम साध्या आवाजात म्हणाला, "घाबरू नको. त्या सायबाले जेवढं माहीत आहे त्याच्यापेक्षा तुले जास्ती माहीत आहे. तू पाहून आली आहेस." तीन दिवसांनी तो दुपारी झोपला आणि उठला नाही.

मी परीक्षा पुढं ढकलायला निघाले होते. मायनं ढकलू दिली नाही. "त्यानं माणसं बोलावली आहेत," ती म्हणाली. "मंग येतील ना थे."

आणि आले. साहूजी आले, काठी टेकत. मामी आली, मामाची दोन्ही मुलं आली, मिलमधले सात-आठ जण आले, आणि पहिल्या रांगेत, आयुष्यात पहिल्यांदाच विद्यापीठात पाऊल टाकलेली माझी माय, धुवट पांढऱ्या साडीत, हात मांडीवर ठेवून. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दीड तास विचारलं. साधनं कोणती, मुलाखती कशा घेतल्या, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवर विश्वास का ठेवावा. मी उत्तरं दिली.  शेवटी त्यांनी विचारलं की, परिशिष्टात ही जी हमालांची लांब यादी आहे, नाव, बापाचं नाव, टोळी, तिची खरंच गरज आहे का? ग्रंथ छोटा करता येईल. मी म्हणाले, "सर, बाकी काहीही काढा. ती यादी राहील." मायला असली पुस्तकी हिंदी सगळी कळत नाही, पण तिनं मान हलवलेली मी पाहिली.

आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं आणि थोड्या वेळानं आत बोलावलं.

प्रबंध मान्य झाला. यादी आहे तशी राहिली. ट्रकसमोर उभ्या राहणाऱ्या मजुराची मुलगी इतिहासात डॉक्टर झाली, आणि त्या बंदरात पोती उतरवणाऱ्या माणसांची नावं आता विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. कोणीही जाऊन वाचू शकतं.